खोडदच्या दुर्बिणीचे आलेख

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची बनलेली असून, त्यांपैकी १४ तबकड्या सुमारे एक किलोमीटरच्या मध्यवर्ती चौकात आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या हातांवर आहेत. या तबकड्या आकाशाचे छायाचित्र घेत नाहीत. दोन तबकड्यांनी टिपलेल्या संकेतांचा परस्परांशी मेळ घालून प्रत्येक जोडीसाठी दोन राशी काढल्या जातात : संकेताची तीव्रता सांगणारा परमप्रसर आणि एक लहर दुसरीच्या किती पुढे किंवा मागे आहे हे सांगणारी कला. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीची नोंद शेकडो कंप्रतांवर सतत होत राहते. त्यामुळे या नोंदींपासून चित्र तयार करण्यापूर्वी त्यांचे आलेख काढून तपासणे अपरिहार्य ठरते.

या तपासणीचा आरंभ ज्ञात स्रोतापासून होतो. थ्री सी २८६ सारखा तेजस्वी आणि बिंदुवत स्रोत समोर असेल, तर साधनातील फरक दुरुस्त केल्यावर सर्व जोड्यांचा परमप्रसर सारखा आणि कला शून्याजवळ यावयास हवी. एखाद्या तबकडीचा सहभाग असलेल्या सर्व २९ जोड्या बिघडलेल्या दिसल्या, तर दोष त्या तबकडीत शोधावा लागतो. कंप्रतेनुसार कला एकसारखी तिरपी सरकत असेल, तर त्या तबकडीच्या संकेताला लागणारा विलंब चुकीचा धरला गेला आहे, असे समजते.

वेळेनुसार कला डळमळते, तेव्हा मात्र दृष्टी वर, आयनांबराकडे वळवावी लागते. रात्री दूरदूरची मध्यम लहरींची केंद्रे घरांतील रेडिओवर ऐकू येतात, ती याच विद्युतभारित थरामुळे. परंतु खोडदला येणाऱ्या अधिक कंप्रतेच्या लहरी त्यातून परावर्तित न होता आरपार येतात, आणि येताना त्यांची कला बदलते. हा बदल कंप्रतेच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ६०० मेगाहर्ट्‌झपेक्षा १५० मेगाहर्ट्‌झवर तो चौपट असतो, आणि याच प्रमाणावरून आयनांबराचा परिणाम साधनाच्या दोषापासून वेगळा ओळखता येतो. तीन तबकड्यांच्या त्रिकोणातील तीन कलांची बेरीज घेतली, तर प्रत्येक तबकडीपुरत्या चुका परस्परांना रद्द करतात आणि स्रोताची खरी माहिती शिल्लक राहते. रॉजर जेनिसन यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलेली ही युक्ती या शास्त्रातील सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक म्हणावी लागेल.

खरी कसोटी लागते ती परमप्रसर आणि तबकड्यांमधील अंतर यांच्या आलेखात. जवळच्या जोड्यांवर परमप्रसर वाढलेला दिसला, तर त्याचे कारण मानवनिर्मित गोंगाट असू शकते, कडेच्या दिशेने शिरलेला सूर्य असू शकतो, किंवा आकाशात खरोखरच पसरलेला मंद प्रकाश असू शकतो. कारण विस्तीर्ण रचना जवळच्या जोड्यांनाच दिसतात. वेळ आणि कंप्रता यांच्या आलेखात प्रक्षेपकाचा गोंगाट ठरावीक कंप्रतेवर अखंड रेषा ओढतो, तर विजेच्या तारांवरील ठिणग्या क्षणभर सर्व कंप्रता व्यापतात. खऱ्या आकाशीय रचनेत असा तुटकपणा नसतो; ती कंप्रतेनुसार संथपणे बदलते आणि पृथ्वीच्या फिरण्याबरोबर जोडीची दिशा बदलत गेली की अपेक्षित रीतीने कमीजास्त होते. हा भेद न करता जवळच्या जोड्यांच्या नोंदी सरसकट वगळल्या, तर चित्र स्वच्छ दिसते, पण दोन दीर्घिकासमूहांच्या टकरीतून पसरलेला फिकट प्रकाश त्यातून नाहीसा होतो. म्हणून पहिले चित्र तयार झाल्यावर त्यातील ज्ञात स्रोत नोंदींतून वजा करून तेच आलेख पुन्हा काढले जातात, आणि आधी तेजस्वी स्रोतांखाली झाकला गेलेला गोंगाट तेव्हा ओळखून बाजूला काढता येतो.