सहीमागील जबाबदारी



वैद्यक आणि संगणकशास्त्र यांच्या संगमावर काम करणाऱ्या आपणां सर्वांचे पुणे नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी मनःपूर्वक स्वागत करतो. अशा प्रसंगी नगरीचा महिमा गाण्याचा प्रघात आहे. तो बाजूस ठेवून, शोधनिबंधावर सही करणाऱ्याची जबाबदारी कोणती, हा जो प्रश्न मला दीर्घकाळ अस्वस्थ करीत आला आहे तो मांडण्याची अनुज्ञा असावी.

२२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. सर्जिस्फिअर नामक अमेरिकन कंपनीच्या दफ्तरी ६७१ रुग्णालयांतील ९६,००० हून अधिक कोविडग्रस्तांच्या नोंदी आहेत, या दाव्यावर त्याची सारी इमारत उभी होती, आणि तो वाचून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाची शाखा तात्पुरती स्थगित केली. पुढे जाणकारांनी आकडे पडताळले, तेव्हा ज्या तारखेपर्यंत समग्र ऑस्ट्रेलियात ६७ मृत्यूंची नोंद होती, त्याच तारखेपर्यंत निबंधात तेथील अवघ्या पाच रुग्णालयांतून ७३ मृत्यू दाखविल्याचे उघड झाले. त्रयस्थ तपासनीसांनी मूळ नोंदी मागितल्या. ग्राहकांशी झालेल्या करारांची सबब सांगून कंपनीने त्या देण्यास नकार दिला. आणि ४ जून रोजी चारपैकी तीन लेखकांनी, मूळ माहितीच्या सत्यतेची ग्वाही आपण देऊ शकत नाही असे कळवून, निबंध मागे घेतला. चौथे लेखक त्या कंपनीचेच प्रमुख होते. जी ग्वाही देता येत नाही असे तिघांना जूनमध्ये कळून चुकले, ती मे महिन्यात सही करतानाच त्यांनी मागावयास हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

असत्य नसतानाही हितसंबंध निष्कर्षाला कसा कल देतात, याचा दाखला ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातील २००५ च्या एका समीक्षेत मिळतो: चिकित्सेस साह्य करणाऱ्या संगणकप्रणालींच्या १०० चाचण्या तपासल्या असता, जेथे प्रणालीचा निर्माताच परीक्षक होता तेथे ७४ टक्के चाचण्या यशस्वी ठरल्या, आणि जेथे तो निराळा होता तेथे केवळ २८ टक्के. आपली प्रणाली मनापासून आणि नेटाने वापरून घेणारा निर्माता प्रामाणिक असू शकतो, हे मी जाणतो. तथापि ते नाते वाचकाला पहिल्याच पृष्ठावर कळावयास हवे.

उद्योगांशी फारकत घ्यावी असे मी मुळीच म्हणत नाही. रुग्णालयांतील नोंदी आज ज्या प्रणालींत साठतात त्या बहुतांशी कंपन्यांच्याच आहेत, आणि त्यांच्या सहकार्यावाचून हे शास्त्र पंगू होईल. परंतु सहकार्याचा करारनामा करतानाच, मूळ नोंदी पाहण्याचा आणि प्रतिकूल निष्कर्षही छापण्याचा हक्क संशोधकाने लेखी राखून ठेवावा, व तो मिळत नसेल तर सही करू नये. समग्र कामाबद्दल उत्तरदायी राहण्याची तयारी ही लेखकत्वाची अट वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१३ मध्ये घातली, ती याच अर्थाने मला मोलाची वाटते.

या परिषदेसही काही कंपन्यांनी अर्थसाह्य केले आहे. त्यांची नावे आणि रकमा सभागृहाच्या दाराशी लावल्या आहेत, आणि कार्यक्रम ठरविताना त्या कंपन्यांचे मत घेतलेले नाही. प्रत्येक वक्त्याने आपले हितसंबंध आरंभीच सांगावेत, अशी समितीची विनंती आहे. आता अध्यक्षमहाराजांनी सभेची सूत्रे स्वीकारावीत.