हातात प्रत हवी

(मीरा रोड येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



गेमवर बोलायचं म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या दोन-तीन चाचांच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्या मला इथून दिसतायत. चाचा, बसा. विषय मालकीचा आहे आणि शेवटी तो वाचनालयापर्यंत जाणार आहे.

कन्सोलवरचे बरेच गेम आता फक्त डाउनलोडवर मिळतात. दुकानात त्यांची डिस्क येतच नाही. ती यायला हवी का? माझ्या मते यायला हवी. पण त्याला एक अट आहे, ती पुढे सांगतो.

आधी पैशांचं बोलू. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला. डिस्क चालणारं मशीन ४९,९९० रुपयांना आणि फक्त डाउनलोडवर चालणारं ३९,९९० ला. दहा हजार वाचले म्हणून पोरं खूश. मोठ्या नव्या गेमची किंमत ४,९९९ रुपये, डिस्क घ्या नाहीतर डाउनलोड करा. हा आकडा नया नगरमधल्या कितीतरी घरांत महिन्याच्या किराण्याशी तोलला जातो. मग पोरं काय करतात? चौघं मिळून एक डिस्क घेतात. आधी एकाच्या घरी, परीक्षा संपली की दुसऱ्याच्या. सगळ्यांचा खेळून झाला की कुणीतरी मीरा रोडहून लोकल पकडतो, ग्रँट रोडला उतरतो आणि लॅमिंग्टन रोडला ती विकून येतो किंवा दुसरीशी बदलून आणतो. समजा निम्मे पैसे परत आले, तर एकेकाला तो गेम सव्वासहाशेला पडला. डाउनलोडमध्ये हा हिशेबच बसत नाही. सेलमध्ये किंमत उतरते, हे खरं. पण ४,९९९ देऊन घेतलेला गेम तुमच्या खात्यात जातो तो तिथेच राहतो. विकता येत नाही, बदलून घेता येत नाही.

ज्यांनी घरी किंवा मदरशात थोडाफार फिक्ह ऐकलाय त्यांना बै आणि इजारा हे दोन शब्द माहीत असतील. बै म्हणजे विक्री, वस्तू तुमची झाली. इजारा म्हणजे भाडं, वस्तू मालकाचीच, तुम्हाला फक्त वापर मिळाला. दोन्ही व्यवहार चोख आहेत. भाड्याला भाडं म्हटलं, मुदत सांगितली, तर कुणाचीच तक्रार नाही. इथे बटणावर लिहिलेलं असतं ‘खरेदी करा’, आणि कुणी न वाचलेल्या लांबलचक अटींमध्ये असतं की हा परवाना आहे, तो काढून घेतला जाऊ शकतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याला यावर कायदा करावा लागला. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या विक्रेत्याला ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा तर तुम्हाला परवाना मिळतोय हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे अजून तेही नाही.

या परवान्याला वारस नसतो. संगणकावरच्या गेमचं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे स्टीम. त्यांनी २०२४ मध्ये एका ग्राहकाला कळवलं की मृत्युपत्र केलं तरी खातं दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही. डिस्क मात्र तरक्यात येते. बापाचं घड्याळ, बापाची शिलाई मशीन, तसे बापाचे गेम. आणि तरक्यात आलं की त्यात बहिणीचाही हिस्सा आला, हे इथल्या भावांनी लक्षात ठेवावं. खातं बहुतेक घरांत भावाच्याच ईमेलवर असतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

बहिणींचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही ऐका. गेम पार्लर आणि सेकंडहँड डिस्कचं दुकान या पोरांच्या जागा. तिथे एकटी मुलगी गेली की सगळे वळून बघतात. डाउनलोडमुळे तिला कुणाची परवानगी आणि कुणाची सोबत लागत नाही. घरबसल्या तिने निवडलं, तिने घेतलं. म्हणून डाउनलोड बंद करा असं मी म्हणणार नाही. डाउनलोड असू द्या, सोबत डिस्कही येऊ द्या.

आता पैशांच्या पलीकडचं. ऑगस्ट २०१४ मध्ये कोनामी कंपनीने ‘पी. टी.’ नावाचा छोटा भयगेम प्लेस्टेशनवर फुकट दिला. पुढच्या वर्षी तो दुकानातून काढून टाकला आणि ज्यांनी आधी घेतला होता त्यांनाही तो पुन्हा डाउनलोड करता येईना. मग तो गेम आत असलेली जुनी मशीन्स लोक चढ्या भावाने विकू लागले. निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ ला वी यू आणि थ्रीडीएस या दोन मशीन्सच्या ऑनलाइन दुकानातली विक्री बंद केली. एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं. ज्या गेमची डिस्क किंवा कार्ट्रिज कधी निघालीच नव्हती आणि जो दुसऱ्या मशीनवरही आला नव्हता, तो विकत घेण्याचा मार्ग त्या दिवशी संपला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजणी केली. अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात नव्याने मिळत नाहीत. त्यातले पुष्कळ निदान कुणाच्या तरी माळ्यावर, जुन्या खोक्यात सापडतात, कारण ते वस्तू म्हणून विकले गेले होते.

चाचा म्हणतील, गेम गेला तर गेला, त्यात काय एवढं? ‘आलम आरा’बद्दलही तेव्हा असंच वाटलं असणार. १४ मार्च १९३१, गिरगावातलं मॅजेस्टिक थिएटर, अर्देशीर इराणींचा पहिला भारतीय बोलपट. त्यात वझीर मोहम्मद खान यांनी गायलेलं गाणं हे आपल्या सिनेमातलं पहिलं गाणं. आज त्या चित्रपटाची एकही प्रिंट उरलेली नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं १९६४ मध्ये, तेहतीस वर्षांनी. आपल्याकडचे कन्सोल गेम आज साधारण त्याच वयात आहेत. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने ‘राजी’ नावाचा गेम केला. धाकट्या भावाला असुरांनी पळवलंय आणि एक मुलगी त्याच्या शोधात निघते, अशी गोष्ट. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी गेम पुरा केला. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर डाउनलोड म्हणून आला आणि ऑक्टोबरमध्ये बाकीच्या मशीन्सवर. आणि हे स्विच भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं! पुण्यात बनलेला गेम पहिल्यांदा आला तो आपल्याकडे चोरबाजाराने पोचणाऱ्या मशीनवर.

छोट्या कंपनीची अडचणही खरी आहे. डिस्क छापायची म्हणजे हजारोंची ऑर्डर आगाऊ द्यायची, खोकी, गोदाम, वितरकाचा वाटा, न खपलेला माल. पाच-दहा जणांची कंपनी त्यात बुडेल. म्हणून पहिल्याच दिवशी डिस्क आणा असा हट्ट मी त्यांच्याकडे धरणार नाही. आधी डाउनलोड आणि चालला तर डिस्क, हा रस्ता आहेच. ‘ॲलन वेक २’ हा मोठा गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त डाउनलोडवर आला आणि बरोबर वर्षभराने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याची डिस्क निघाली. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी मात्र खर्चाचं रडगाणं गाऊ नये.

आता ती अट. डिस्कवर गेम पुरा असला पाहिजे. ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा २०२२ मधला गेम घ्या. त्याच्या प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवर जेमतेम ७० एमबी माल होता, बाकी सगळं डाउनलोड. १०० जीबी मावणाऱ्या डिस्कवर ७० एमबी! नव्या स्विच २ च्या काही कार्डांवर तर गेम नसतोच, फक्त किल्ली असते. अशी डिस्क विकता येते, मित्राला देताही येते, पण दुकान बंद पडलं की तिचा उपयोग चहाचा कप ठेवायला. ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेमची डिस्क लोकांकडे होती. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि ती डिस्क मेली. त्यावरून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. विकलेला गेम चालू स्थितीत सोडून मग सर्व्हर बंद करा, एवढीच त्यांची मागणी. मला ती रास्त वाटते.

आता वाचनालय. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, २०१२ मध्ये एक कलम घातलं गेलं, २ (एफए). संगणक प्रोग्राम भाड्याने देण्याचा धंदा करायचा तर हक्कदाराची परवानगी लागते. पण नफ्यासाठी नसलेलं वाचनालय किंवा शिक्षणसंस्था कायदेशीरपणे घेतलेली प्रत नफा न कमावता वाचायला, बघायला, वापरायला देत असेल, तर तो धंदा मानला जात नाही. गेम हाही संगणक प्रोग्रामच. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेने एक कपाट केलं, त्यात पावतीसह विकत घेतलेल्या वीस डिस्क ठेवल्या आणि सभासदांना आठवड्यासाठी दिल्या, तर कायद्याने त्याला जागा ठेवलेली आहे. ही सोय ‘प्रती’साठी आहे. डाउनलोडची प्रत कपाटात ठेवणार कशी? ज्या गेमची डिस्क निघत नाही, त्याच्यापुरता हा हक्क कागदावरच राहतो.

पुस्तकांसाठी १९५४ पासून कायदा आहे. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत मुंबईसह चार ठिकाणच्या ग्रंथालयांना द्यायचीच. गेमसाठी असा कायदा नाही. तो मागायचा असेल तर खासदाराला पत्र लिहावं लागेल, आणि मसुदा करायला इथले कायद्याचे विद्यार्थी पुरेसे आहेत. कपाटासाठी मात्र कुणाच्या पत्राची वाट बघायची गरज नाही. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवायची की सगळ्यांना एकच, यावर आपल्यात वाद होणार, तो होऊ द्या. माझं मत एकच वेळ असावी असं आहे. फर्झाना आपांनी मघाशी हात वर केला होता, आधी त्यांचा प्रश्न घेऊ.