कुंडलिकेच्या काठी समुद्रशैवाल



समुद्रशैवालाच्या अंतर्भागी वास करणाऱ्या कवकांच्या मधुमेहनाशक गुणांची चर्चा, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या जालन्यातील या कुंडलिकेच्या काठी व्हावी, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु इटलीतील पाँपेईच्या अवशेषांत 1938 साली जी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, तिच्याच जातकुळीची मूर्ती पुढे आमच्या भोकरदनच्या उत्खननात निघाली, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांना या मुलखाचा दर्याशी असलेला ऋणानुबंध निराळा सांगायला नको. शिवाय सागरी कवकांच्या अभ्यासात आयुष्य वेचणारे बी. डी. बोरसे हेही धुळ्याचेच, किनाऱ्यावरचे नव्हेत.

आमची गरज मात्र आजची आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींचा अदमास दहा कोटींवर नेला. ज्या जिल्ह्याची मोसंबी दूरदूरच्या बाजारपेठांत जाते, तिथल्याच कित्येक बागायतदारांना तिचा रस आज बेतानेच घ्यावा लागतो. आतड्यातील अल्फा-ग्लुकोसिडेज हे विकर भाकरीतल्या पिष्टाची अखेरची फोड करून साखर रक्ताच्या स्वाधीन करते. त्याचा हात आखडला, की जेवणानंतरची साखर सावकाश चढते. अकार्बोज हे औषध याच तत्त्वावर चालते, आणि तेही मातीतल्या एका सूक्ष्मजीवाचीच देणगी आहे; शैवालातल्या कवकांकडूनही आपली अपेक्षा अशाच द्रव्याची आहे. काँगोच्या अरण्यातील एका पानात राहणाऱ्या कवकापासून मिळालेले, इन्शुलिनसारखे कार्य करणारे द्रव्य 1999 साली उंदरांवर गुणकारी ठरले; औषधाच्या दुकानापर्यंत मात्र ते पोहोचले नाही.

प्रयोगशाळेतले यश आणि औषध यांत असे अंतर असते, म्हणूनच शैवालातली कवके वेगळी करताना घेतली जाणारी एक लहानशी तजवीज मला फार मोलाची वाटते. शैवालाचा तुकडा निर्जंतुक सागरजलाने धुऊन, क्षणभर मद्यार्कात बुडवून, पुन्हा धुऊन आगरच्या बशीवर ठेवतात, आणि अखेरच्या धुण्याच्या पाण्याचे थेंब दुसऱ्या बशीवर सोडतात. तिच्यावर काही उगवले, तर पहिल्या बशीतले कवक शैवालाच्या आतले की बाहेरून चिकटलेले, हे सांगण्याची सोय उरत नाही. विकराच्या चाचणीत परीक्षानळीतला पिवळा रंग फिका पडला, एवढ्या भांडवलावर शैवालाची पूड विकणाऱ्यांनाही आपण हीच दुसरी बशी मागावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनी मालवणहून आणलेल्या शैवालाच्या बशा बाहेरच्या दालनात मांडल्या आहेत. तुकड्यांच्या कापलेल्या कडांतून पांढरे तंतू नुकतेच डोकावू लागले आहेत. दुसऱ्या बशाही शेजारीच ठेवल्या आहेत. आपण त्या जरूर पाहाव्यात.