जुना टीव्ही गेम घेताना

आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचे हप्ते नाहीत. आज बोलायचंय जुन्या टीव्ही गेमबद्दल. हसू नका. गटातल्या बायकांचे दीड हजार रुपये यात अडकले होते.

झालं असं. मासिक बैठकीला आम्ही बसलो की पोरं आमचेच मोबाईल घेऊन कोपऱ्यात. एका वहिनींच्या मुलाने गेममध्ये बटणं दाबत दाबत त्यांच्या खात्यातले ४०० रुपये उडवले. तेव्हा ठरलं, पोरांना असलं काही द्यायचं, ज्याला नेट लागत नाही की खातं लागत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणी लहानपणी सुट्टीत मामाकडे कॅसेट लावून मारिओ खेळल्यात. तसलाच गेम घेऊ म्हटलं. पंधरा जणींनी शंभर-शंभर काढले.

आमच्या एक ताई तालुक्याला जाऊन १,५०० रुपयांना जुना गेम घेऊन आल्या. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनल जपानी आहे, आता मिळत नाही." घरी लावला तर चित्र थरथरतंय, एक रिमोट मेलेला, बंदूक चालत नाही. पावती नाही. पुढच्या बैठकीत ताई मान खाली घालून म्हणाल्या, "माझ्या बचतीतून कापून घ्या." आम्ही कापले नाहीत. पाठवलं सगळ्यांनी मिळून, आणि काय बघायचं ते त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. कारण ठाऊकच कुणाला होतं?

मग आम्ही शिकलो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने हा कॅसेटचा गेम १९८३ साली काढला. आपल्याकडे गावोगावी जे आले ते बहुतेक त्याच्या नकला. नक्कल खेळायला वाईट नसते, पण तिला अस्सलचा भाव का द्यायचा? अस्सल जुन्या वस्तूला हौशी माणसं जास्त मोजतात, तो भाव ऐकून दुकानदार नकलेलाही तोच लावतात. आम्ही बाजारात खेळण्यांच्या दुकानात विचारलं, तर तसलाच नवा कोरा डबा ९०० रुपयांना. नवा नऊशेला, तर जुना पंधराशेला कसा? हे आधी विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं असतं. त्या आकड्याला भुलू नका. यादी खाली सरकवत गेलं की तेच ते मोजके गेम पुन्हा पुन्हा येतात, फक्त नंबर वेगळा. कॅसेटच्या तोंडाशी पितळी पट्ट्या दिसतात, त्यांच्यावर हिरवट गंज आहे का बघा. थोडा मळ असेल तर पेन्सिलीच्या खोडरबराने हलक्या हाताने निघतो. आपण सगळ्यांनी लहानपणी त्यात फुंकर मारली आहे, पण तोंडाच्या ओलीने पट्ट्या खराबच होतात.

बंदुकीचं वेगळंच. तिच्यात एक डोळा असतो. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा ठिपका चमकतो, तो डोळा टिपतो. नव्या चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, म्हणून नेम लागत नाही. तिथे जुना डबा टीव्हीच लागतो, आणि आम्ही दोन डबा टीव्ही त्याच वर्षी भंगारवाल्याला दिलेले! तेव्हा घरात चपटा टीव्ही असेल तर बंदुकीचे जादा पैसे देऊ नका. त्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या वायरीची भोकं आहेत का, तेही आधी बघा. पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अधिक-उणेची खूण डब्यावरच्या खुणेशी जुळली पाहिजे. नाहीतर डबा जळतो.

पैसे द्यायच्या आधी दुकानातच अर्धा तास चालवून बघा. तापल्यावर बंद पडतो का, प्रत्येक बटण लागतं का, वायर हलवली की चित्र जातं का. रिमोट नसेल तर तेवढी किंमत कमी करायला लावा. पावती घ्या. आणि एकटीने जाऊ नका.

आम्ही तिघी त्या दुकानात परत गेलो, नव्या डब्याचा भाव सांगितला. तासभर वाद झाला. त्याने गेम ठेवून घेतला आणि ९०० दिले. सहाशे गेले ते गेलेच.

दुसरा गेम मिळाला शेजारच्या वाडीत, एका आजींच्या माळ्यावर. मुलगा नोकरीला पुण्यात. आजी म्हणाल्या, "तसाच न्या गं, धूळ खातोय." आम्ही आधी मुलाला फोन लावून विचारलं, कारण वस्तू त्याची. लावून बघितला, दोन्ही रिमोट चालले, अडॅप्टर तेवढा नव्हता. ३५० रुपये ठरले आणि ते आजींच्या हातात दिले. अडॅप्टर १५० ला आला. उरलेले ४०० दुरुस्तीसाठी गटाच्या वहीत वेगळे लिहून ठेवलेत.

त्यातले ३० परवाच गेले. पोरांनी ओढून ओढून एका रिमोटची वायर तोडली होती, ती जोडून आणली. शनिवारच्या बैठकीला लागेल.