प्रसूतिकक्षात तिची सोबतीण हवी

(नाशिक येथे महिलांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या दुर्गावर भगवान शंकराचे एक प्राचीन मंदिर आहे. तेथील देवाचे नाव 'तायुमानवर', म्हणजे 'जो आईही झाला तो'. कथा अशी सांगतात की, रत्नावती नावाच्या एका गर्भवतीचे दिवस भरले होते. तिच्या बाळंतपणासाठी आई माहेराहून निघाली. परंतु कावेरीला पूर आला आणि ती पैलतीरी अडकून पडली. इकडे लेकीला कळा सुरू झाल्या. तेव्हा साक्षात शंकर तिच्या आईचे रूप घेऊन घरात आले, त्यांनी सुईणीचे सारे काम केले, आणि पूर ओसरून खरी आई दारात उभी राहिली तेव्हा ते अंतर्धान पावले.

त्र्यंबकेश्वराच्या छायेत आणि गोदावरीच्या काठी राहणाऱ्या नाशिककरांनी ही कथा लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रसववेदनेत असलेल्या स्त्रीजवळ बसणे हे काम देवानेही कमीपणाचे मानले नाही, हा तिचा अर्थ आहे. आज पूर नाही, पूल झाले आहेत, वाहने आली आहेत. तरीही कळा देणारी लेक आणि तिची आई यांच्यामध्ये एक अडथळा उभा राहतोच. तो म्हणजे प्रसूतिकक्षाचे बंद दार. आई बाहेरच्या बाकावर जपमाळ ओढीत बसते आणि लेक आत अनोळखी माणसांत, अनोळखी यंत्रांच्या आवाजात एकटी असते. आजचा विषय या दाराचा आहे.

मिळवले किती, हरवले काय

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रुग्णालयातील प्रसूती ही आपल्या समाजाने मोठ्या कष्टाने मिळवलेली गोष्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात शंभरातील सुमारे पासष्ट प्रसूती रुग्णालयांत होत. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण जवळजवळ पंचाण्णव झाले. २००५ साली सुरू झालेली जननी सुरक्षा योजना आणि गावोगावच्या आशा कार्यकर्त्या यांचा त्यात मोठा वाटा आहे. एक लाख जिवंत जन्मांमागे राज्यातील मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. या आकड्यांतील प्रत्येक एकक म्हणजे एका घरातील आई आहे. त्यामुळे 'जुने ते सोने' म्हणून पुन्हा घरच्या अंधाऱ्या खोलीत बाळंतपण न्यावे, असा विचार कोणी मनातही आणू नये.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि योग्य उपचारांअभावी ते दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. परदेशी जाऊन आधुनिक विद्या आत्मसात करायची आणि त्याच वेळी आपल्या पूर्वसूरींनी काय जाणले होते हेही जगापुढे मांडायचे, ही त्यांची दृष्टी होती. आजच्या प्रश्नाकडेही त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

रुग्णालयाने जीव वाचवला, पण त्याबरोबर एक गोष्ट निसटली. पूर्वी बाळंतिणीभोवती आई, आत्या, मावशी, थोरली जाऊ आणि सुईण असत. त्यांचे हात, त्यांचा धीर, 'होईल गं बाई, झालंच आता' हे त्यांचे शब्द तिला मिळत. घरे लहान झाली, मुली नोकरीनिमित्त दूर गेल्या, आणि अनेकींनी स्वतःच्या बाळंतपणापूर्वी दुसरीचे बाळंतपण जवळून पाहिलेलेच नसते. भीती वाढते ती या अनोळखीपणातून.

चरक-सुश्रुतांची सोबतीण

आपल्या आयुर्वेदाने या गोष्टीचा किती बारकाईने विचार केला होता, हे पाहण्यासारखे आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन आहे. तेथे गर्भिणीभोवती कोणत्या स्त्रिया असाव्यात, हे सांगितले आहे. ज्यांची स्वतःची अनेक बाळंतपणे झाली आहेत, ज्यांना तिच्याविषयी जिव्हाळा आहे, ज्या स्वभावतः वत्सल आहेत, खचून न जाणाऱ्या आहेत, कष्ट सोसणाऱ्या आहेत आणि मुख्य म्हणजे त्या गर्भिणीला स्वतःला हव्याशा वाटणाऱ्या आहेत, अशांनी तिच्याजवळ राहावे. या शेवटच्या अटीकडे लक्ष द्यावे. सोबतीण सासूच्या किंवा नवऱ्याच्या पसंतीची नव्हे, तर तिच्या पसंतीची हवी.

सुश्रुतसंहितेत संख्याही दिली आहे. चार स्त्रिया असाव्यात. त्या वयाने प्रौढ, प्रसूतिकर्मात कुशल, विश्वासू आणि नखे कापलेल्या असाव्यात. नखे कापण्याची ही अट जंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी शतके आधीची आहे.

चरकांनी आणखी एक वाद नोंदवला आहे. कळा सुरू झाल्यावर स्त्रीला मुसळाने धान्य कांडायला लावावे, असे काहींचे मत होते. आत्रेयांनी ते नाकारले. अशा वेळी जड श्रम घातक आहेत, मात्र तिने मधूनमधून फिरावे, असे सांगितले. कळ आलेली नसताना जोर करू नये, तो व्यर्थ जातो, हे तिला जवळच्या स्त्रियांनी समजावावे, असेही तेथे आहे. कळांच्या काळात स्त्रीने चालते-फिरते राहावे आणि तिची इच्छा असेल तर सोबतीला तिच्या पसंतीची व्यक्ती असावी, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या मार्गदर्शिकेत केली आहे.

सुईणीचे ऋण

पण परंपरेचा अभिमान बाळगताना तिच्यातील दोषांकडे डोळेझाक करता येणार नाही. ग्रंथांनी जिला सन्मानाचे स्थान दिले, त्या सुईणीला समाजाने काय दिले? अनेक गावांत हे काम मातंग किंवा नाभिक समाजातील स्त्रियांकडे होते. जिच्या हातांनी सवर्णांच्या घरचे बाळ प्रथम झेलले, तिचाच विटाळ मानला गेला. मूल तिच्या हातून घेतले आणि पाणी मात्र वरून ओतून दिले. ज्या नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना काळाराम मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू करावा लागला, त्या नाशकाने तरी हे विसरू नये. देवाने सुईणीचे रूप घेतले आणि आपण सुईणीला देवळाबाहेर ठेवले. तिच्या कौशल्याचा वारसा पुसट होत गेला, त्याला ही उपेक्षाही कारणीभूत आहे.

इतरही दोष होते. बाळाला आईचे पहिले चिकाचे दूध न देता ते पिळून टाकण्याची चाल होती. धुराने कोंडलेली खोली होती, अस्वच्छ विळ्याने नाळ कापणे होते. हे टाकून द्यायचे आहे. राखायची आहे ती सोबत.

ही सोबत शास्त्रशुद्ध शिक्षणाशी जोडली तर काय घडते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या दाईबरोबर प्रसूतीला उपस्थित राहत आणि नवजात बाळाची घरी काळजी घेत. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने दाखवले की, तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली.

पश्चिमेला लागलेला शोध

पाश्चात्त्य देशांत प्रसूती रुग्णालयात गेली आणि तेथेही स्त्री एकटी पडली. तेथील अभ्यासकांना याची जाणीव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. अशा सोबतिणीसाठी त्यांनी 'डूला' हा ग्रीक शब्द वापरात आणला; त्याचा मूळ अर्थ दासी, सेविका. क्लाउस आणि केनेल या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह ग्वाटेमालाच्या एका रुग्णालयात केलेला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. एकट्या असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत सोबतीण लाभलेल्या स्त्रियांचा कळांचा काळ निम्म्याहून कमी होता.

त्यानंतर अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात ६१६ स्त्रियांचा अभ्यास झाला. तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला धीर देणारी, हात धरणारी, बोलणारी सोबतीण दिली. दुसऱ्या गटाजवळ एक स्त्री केवळ न बोलता नोंदी करीत बसली. तिसऱ्या गटाजवळ कोणी नव्हते. शस्त्रक्रियेने प्रसूतीचे प्रमाण तिसऱ्या गटात १८ टक्के, दुसऱ्यात १३ टक्के आणि पहिल्यात ८ टक्के होते. एक स्त्री नुसती खोलीत बसली, तरी फरक पडला! २०१७ साली १७ देशांतील २६ चाचण्यांचा, पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा एकत्रित आढावा घेतला गेला. निष्कर्ष तोच: नैसर्गिक प्रसूती वाढतात, कळांचा काळ घटतो, शस्त्रक्रिया व वेदनाशामके कमी लागतात, आणि या सोबतीमुळे अपाय झाल्याचा पुरावा नाही.

यामागचे कारण समजण्यास कठीण नाही. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलीन वाढते आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा येतो. विश्वासाचा हात पाठीवर असला की भीती ओसरते. आपल्या आज्यांना संप्रेरकांची नावे ठाऊक नव्हती, पण परिणाम ठाऊक होता.

महाराष्ट्रात शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे १२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५ टक्क्यांवर गेले. आवश्यक शस्त्रक्रिया हे वरदानच आहे. मात्र केवळ भीतीपोटी, 'आता सहन होत नाही, काय ते करा' म्हणून होणारी शस्त्रक्रिया धीराच्या चार शब्दांनी टळत असेल, तर ते शब्द तिला मिळायला नकोत का?

हक्क आहे, मागितला पाहिजे

अनेक कुटुंबांना ठाऊक नाही की, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला अनुमती दिली आहे. तिने स्वतः प्रसूती अनुभवलेली असावी हे उत्तम. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने पूर्ण वेळ थांबावे आणि डॉक्टर-परिचारिकांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा साध्या अटी आहेत. जेथे इतर स्त्रियांची खासगीपणाची सोय आहे, तेथे पतीलाही थांबता येते. प्रत्यक्षात मात्र जागेची अडचण, गर्दी आणि जुनी सवय यांमुळे दार बंदच राहते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्या भगिनींचा विचार करावा. कोकणा किंवा वारली बोली बोलणारी, प्रथमच शहर पाहणारी मुलगी आत जाते. तिला काय विचारले हे तिला कळत नाही आणि तिला काय होते हे इतरांना कळत नाही. तिच्या बोलीतली एक बाई शेजारी असली, तर तो औषधाइतकाच मोठा आधार ठरेल.

महानगरांत आज शुल्क घेऊन डूलाची सेवा देणाऱ्या प्रशिक्षित भगिनी आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी तो मार्ग जरूर घ्यावा. कष्टाचे मोल देण्यात गैर काही नाही. सुईणीलाही लुगडे-चोळी आणि धान्य दिले जाईच. परंतु ज्याला परवडते त्यालाच आपुलकी मिळावी, ही आपली रीत नव्हे.

म्हणून काही गोष्टी आपल्या हातात घेता येतील. सातव्या महिन्यातच घरातील एक सोबतीण ठरवावी, आणि ती सुनेने वा लेकीने स्वतः निवडावी. सोबतिणीने एखाद्या तपासणीला बरोबर जावे, डॉक्टरांची ओळख करून घ्यावी, 'प्रसूतिकक्षात थांबता येईल का' हे आधीच विचारावे. कळांच्या वेळी कंबर चोळणे, डॉक्टरांच्या अनुमतीने घोटभर पाणी देणे, फिरवणे, श्वासाकडे लक्ष वळवणे, कुशीवर वळवणे आणि बाळ जन्मताच पहिल्या तासात त्याला आईच्या छातीशी लावण्यास मदत करणे, एवढे तिचे काम. अंगावरून रक्त जाणे, झटके, डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, बाळाची हालचाल मंदावणे, हिरवट पाणी जाणे यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांना हाक मारावी. उपचाराचा निर्णय डॉक्टरांचा. सोबतिणीने तेथे आपले मत चालवू नये.

आणि ज्यांना कोणीच नाही, त्यांचे काय? नोकरीसाठी नाशकात आलेली, माहेर विदर्भात असलेली मुलगी. औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय मजुराची पत्नी. पाड्यावरून आलेली भगिनी. त्यांच्यासाठी समाजानेच माहेर व्हावे. सुश्रुतांनी चार स्त्रिया सांगितल्या. प्रत्येक वस्तीत अशा चार जणी उभ्या राहाव्यात, सर्व जातींतल्या, प्रौढ आणि मायाळू. त्यांनी जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून प्राथमिक शिक्षण घ्यावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे हे शहर, श्रीगुरुजी रुग्णालयासारखे सेवाप्रकल्प येथे उभे आहेत. शिकवणाऱ्यांची उणीव नाही. १९३६ साली वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती स्थापन करणाऱ्या लक्ष्मीबाई केळकरांना सारे 'मावशी' म्हणत. रुग्णालयातल्या सेविकेलाही आपण 'मावशी'च म्हणतो. हे नाते शब्दात आहेच, ते कृतीत यावे.

निवृत्त झालेल्या, मुले मोठी झालेल्या कितीतरी भगिनी घरोघरी आहेत. त्यांच्या हाताला सवय आहे आणि मनात माया आहे. या महिन्यात आपल्या वस्तीत कोणाचे दिवस भरत आले आहेत, एवढी चौकशी त्यांनी केली तरी आरंभ झाला. पूर आला तेव्हा आई पोहोचू शकली नाही, म्हणून देव आला. आज देवाची वाट पाहण्याचे कारण नाही. शेजारच्या दारातून कोणीतरी निघाले, तरी पुरे आहे.