पेशीतील दोर आणि गाठी

महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ च्या सुमारास, हंगेरीतील सेगेड येथे ब्रूनो श्ट्राउब यांनी स्नायूंतून जे ॲक्टिन नामक प्रथिन वेगळे केले, ते केवळ स्नायूंचीच मिरास नसून आपल्या बहुतेक पेशींच्या आकाराचा आणि हालचालींचा आधार आहे, हे पुढे उमगले. त्याचे रेणू एकापुढे एक जुळून सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा, दोन पदरी पीळ घातलेल्या सुतळीसारखा तंतू होतो. परंतु त्याने कोठे वाढावे, कोठे तुटावे, याचा बंदोबस्त त्याला बिलगणाऱ्या इतर प्रथिनांच्या हाती असतो. त्यांपैकी कोफिलिन हे प्रथिन तंतूचा पीळ अधिक आवळून त्याचे तुकडे पाडते. आर्प २/३ हा प्रथिनसमूह जुन्या तंतूच्या कुशीला बसून सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फोडतो.

ॲक्टिनला बिलगणाऱ्या या प्रथिनांपैकी डिस्ट्रोफिनची कामगिरी मला विशेष हृद्य वाटते. एका टोकाने ॲक्टिनला धरून दुसऱ्या टोकाने ते स्नायूपेशीच्या पटलातील प्रथिनांना जखडून ठेवते. हा दोर ज्यांच्यात जन्मतःच नसतो, त्या ड्यूशेन नावाच्या स्नायूविकाराच्या मुलांत ते पटल वारंवारच्या आकुंचनाने जागोजागी विरत जाते, आणि जमिनीवरून उठताना लहानगा स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकीत, कष्टाने उभा राहतो.