मान आणि वाटा



बसमध्ये भगिनीला जागा द्यावी, हे सौजन्य स्तुत्यच होय. परंतु सौजन्य देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क तसा नसतो. १९१२ साली टायटॅनिक बुडताना ‘आधी स्त्रिया आणि मुले’ हा दंडक पाळून अनेक पुरुषांनी प्राण दिले. त्या काळी ब्रिटनमधील स्त्रीला संसदेच्या निवडणुकीत मत मात्र नव्हते. पुरुषांच्या बरोबरीने ते मिळण्यास १९२८ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे निराळे काय आहे? भाऊबीजेला बहिणीला उंची पैठणी दिली जाते आणि वडिलांच्या पश्चात तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. (पैठणीचा भाव कितीही चढला, तरी दुकानाच्या गाळ्याशी तिची बरोबरी कशी व्हावी?) हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला. वडील त्यापूर्वीच निवर्तले असले तरी तो राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तरीही सही मागितली जाते, आणि माहेर तुटेल या भयाने बहीण ती देते. नकार देणाऱ्या बहिणीला पुढच्या भाऊबीजेचे बोलावणे किती घरांतून जाते?